सुरू झाले खरे, पण कसे?

परीक्षांचा हंगाम आला की महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांच्या सूचनाफलकांवर एक इंग्रजी वाक्य हमखास दिसते: ‘एक्झाम्स विल बिगिन फ्रॉम मंडे.’ लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. सोमवारी पहिला पेपर आहे, एवढे सगळ्यांना कळते. लंडनमधला मुद्रितशोधक मात्र ‘फ्रॉम’वर काट मारून तिथे ‘ऑन’ लिहील.

त्याचे कारण सरळ आहे. इंग्रजीच्या लेखी ‘बिगिन’ हा एका ठिकाणी घडून जाणारा प्रसंग असतो. वार किंवा तारीख सांगायची तर त्याला ‘ऑन’ लागते, महिना सांगायचा तर ‘इन’, घड्याळातली वेळ सांगायची तर ‘ॲट’. ‘फ्रॉम’ लागते ते पुढे लांबत जाणाऱ्या गोष्टीला. ‘द शॉप विल बी ओपन फ्रॉम मंडे’ हे वाक्य बिनचूक आहे, कारण दुकान उघडे राहणे सोमवारनंतरही चालूच असते. मराठीत ‘सोमवारपासून परीक्षा सुरू’ हे अगदी शुद्ध, हिंदीतही ‘सोमवार से’ शुद्ध. आपल्या भाषांतला तो ‘पासून’ आणि ‘से’ इंग्रजी वाक्यात जाऊन बसला आणि भारतीय इंग्रजीत चांगला रुळला.

अडचण ‘बिगिन’ या शब्दाची नव्हतीच, त्याच्यापाठोपाठ आलेल्या शब्दाची होती. सुरुवात सांगणारी क्रियापदे इंग्रजीत मुबलक आहेत, पण ती नुसती पाठ करून भागत नाही. क्रियापदानंतर ‘टू’ घेऊन दुसरे क्रियापद येते, की ‘-इंग’ प्रत्यय लागलेले रूप येते, की ‘ऑन’, ‘बाय’, ‘इंटू’, ‘अबाउट’ यांपैकी एखादे शब्दयोगी अव्यय येते, यावर ती सुरुवात कोणत्या जातीची हे ठरते.

मराठी माणसाला ही तऱ्हा परकी नाही. ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. ‘तो जाऊ लागला’ यात सुरुवात आहे. ‘त्याला जावे लागले’ यात सक्ती आहे. ‘तो आईला पोळ्या लाटू लागला’ यात मदत आहे. क्रियापद तेच, पण आधीचे रूप आणि वाक्यातली विभक्ती बदलली की अर्थ पालटतो. मराठीत ही खूण क्रियापदाच्या आधी येते, इंग्रजीत नंतर.

तीन घराणी

इंग्रजीतल्या सुरुवातीच्या क्रियापदांत तीन मुख्य: बिगिन, स्टार्ट आणि कमेन्स. तिघांची कुळे वेगळी आहेत आणि ती कुळे आजही त्यांच्या वागण्यात दिसतात.

‘बिगिन’ अस्सल जर्मॅनिक वंशाचे. जुन्या इंग्रजीत त्याचे भावंड ‘ऑनगिन्नन’ जास्त चालायचे, ‘बेगिन्नन’ कमी. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत या घराण्यातून ‘गॅन’ असे आखूड रूप निघाले. इ. स. १४०० मध्ये वारलेला कवी जेफ्री चॉसर हे ‘गॅन’ जागोजागी वापरतो, आणि पुष्कळदा त्यात सुरुवातीचा अर्थ उरलेलाच नसतो. अमुक माणूस ‘गॅन’ चालणे, याचा अर्थ तो चालू लागला असा न होता नुसता ‘चालला’ एवढाच होतो. सुरुवात सांगणारे क्रियापद झिजून झिजून भूतकाळाची खूण बनले होते. ते रूप पुढे मावळले आणि ‘बिगिन’ तेवढे टिकले.

‘स्टार्ट’चा मूळ अर्थ उडी मारणे, झटका बसून हलणे. दचकवणे या अर्थाचा ‘स्टार्टल’ हा त्याचाच नातेवाईक. शेक्सपिअरच्या पात्रांना ‘स्टार्ट’ होते तेव्हा ती बहुधा दचकलेली असतात. झोपेतून दचकून जागे होण्याला इंग्रजीत अजून ‘वेक अप विथ अ स्टार्ट’ म्हणतात. सुरुवातीचा अर्थ या शब्दाला गेल्या काही शतकांत चिकटला, पण जुना झटका त्याच्या अंगातून गेलेला नाही. म्हणून यंत्राला, मोटारीला, प्रवासाला, धंद्याला ‘स्टार्ट’ हवे असते. ‘द कार वोन्ट स्टार्ट’ म्हणतात. तिथे ‘बिगिन’ घातले तर वाक्य कोसळते. आपल्याकडेही गाडी ‘सुरू’ होते, तिचा ‘प्रारंभ’ कोणी करत नाही.

‘कमेन्स’ आले फ्रेंचमधून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, जमीनजुमला यांची भाषा काही शतके फ्रेंच वळणाची राहिली. ‘कमेन्स’च्या मुळाशी ‘इनिशिअम’ हा आरंभ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘इनिशियल’ आणि ‘इनिशिएट’ त्याचीच भावंडे. या शब्दाचा दरबारी थाट अजून गेलेला नाही. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध शब्दप्रयोगकोशात साध्या गद्यासाठी ‘बिगिन’लाच पसंती दिली. कायद्याने मात्र ‘कमेन्स’ला कधी सोडले नाही. भारतीय संविधानाच्या ३९४व्या कलमाचे नावच ‘कमेन्समेंट’ आहे: नागरिकत्वासारखी काही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लगेच लागू झाली आणि उरलेली २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानात जिथे जिथे ‘संविधानाचा प्रारंभ’ म्हटले आहे, तिथे हा दुसरा दिवस समजायचा. मुंबई-पुण्यात नव्या इमारतीत घर घेणारा माणूस आधी ‘सीसी आली का?’ असे विचारतो. त्यातला पहिला ‘सी’ हाच ‘कमेन्समेंट’: बांधकाम सुरू करण्याचा परवाना. आणि अमेरिकेत विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात; तिथून पदवीधराच्या पुढच्या आयुष्याचा आरंभ होतो, असा त्याचा अर्थ लावतात.

‘टू’ की ‘-इंग’?

‘इट बिगॅन टू रेन’ आणि ‘इट बिगॅन रेनिंग’. दोन्ही बरोबर, दोन्हींचा अर्थ पाऊस पडू लागला. मग दोन रूपे कशाला?

इतिहासात ‘टू’चे रूप आधीचे. ‘बिगिन’नंतर ‘-इंग’ लावण्याची पद्धत पुष्कळ उशिरा पसरली. ‘स्टार्ट’ तर सुरुवातीच्या अर्थानेच उशिरा आले, त्यामुळे त्याची ही दोन्ही रूपे तुलनेने नवी. नवे रूप आले म्हणून जुने हटले नाही. दोघे शेजारी राहू लागले आणि शेजारी राहता राहता त्यांनी कामे थोडी वाटून घेतली.

रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ साली इंग्रजीचे एक भलेमोठे व्याकरण लिहिले. पुष्कळ वाक्यांत या दोन रूपांत फरक जाणवत नाही, हे त्यांनी मान्य केले. पण एक कलही दाखवला. काम मनात आले, हात पुढे झाला आणि तिथेच थांबले, अशा वेळी ‘टू’ जास्त शोभते: ‘ही स्टार्टेड टू ओपन द लेटर, देन पुट इट अवे.’ पत्र फोडायला हात गेला, पण ते न फोडता बाजूला ठेवले. काम खरोखर सुरू होऊन चालू राहिले, तर ‘-इंग’ सहज येते: ‘ही स्टार्टेड ओपनिंग द लेटर्स अँड फिनिश्ड बाय लंच.’ कॅनडातले भाषाशास्त्रज्ञ पॅट्रिक डफली यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मांडणीत ‘टू’ म्हणजे क्रियेकडे जाणारी वाट, आणि ‘-इंग’ म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेली क्रिया.

क्रिया नसून मनाची किंवा वस्तूची अवस्था असेल, तर हा कल जवळजवळ नियम होतो. ‘आय बिगॅन टू अंडरस्टँड’ सगळे म्हणतात, ‘आय बिगॅन अंडरस्टँडिंग’ इंग्रजी कानाला खटकते. समजणे, वाटणे, असणे, माहीत होणे ही कामे माणूस हातात घेऊन करत बसत नाही, ती त्याला हळूहळू होतात. म्हणून त्यांच्या बाबतीत वाट दाखवणारे ‘टू’च बरे पडते.

दुसरा एक नियम अर्थाचा नसून निव्वळ कानाचा आहे. पाऊस आत्ता सुरू होतो आहे, असे सांगायचे तर ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’ म्हणतात. ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ कोणी म्हणत नाही, कारण एकापाठोपाठ दोन ‘-इंग’ सोसत नाहीत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉबर्ट रॉस यांनी १९७२ साली या नियमावर एक लेख लिहिला आणि त्याला ‘डब्लिंग’ असे शब्दखेळाचे नाव दिले. दुपटीला इंग्रजीत ‘डब्लिंग’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या शेवटी ‘-इंग’ आहेच. नियमाची दुसरी बाजूही आहे. मुख्य क्रियापदाला आधीच ‘टू’ लागलेले असेल, तर पुढे दुसरा ‘टू’ आणण्यापेक्षा ‘-इंग’ पत्करतात: ‘आय वाँट टू स्टार्ट लर्निंग मराठी.’ एकाच छापाची दोन रूपे शेजारी येऊ न देण्याच्या या सवयीला अभ्यासकांनी ‘हॉरर ईक्वाय’ असे लॅटिन नाव दिले आहे. त्याचा अर्थ साम्याची धास्ती.

‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ हे अदलाबदल करण्याजोगे शब्द आहेत का, हा प्रश्नही याच चर्चेतून निघाला. अमेरिकेतल्या ॲलिस फ्रीड यांनी १९७९ साली सुरू होणे, चालू राहणे आणि थांबणे या क्रियापदांवर पुस्तक लिहिले. घटनेचे त्यांनी भाग पाडले: गाभा आणि त्याच्या आधीची तयारी. ‘स्टार्ट’ तयारीच्या टप्प्यालाही लागू पडते, ‘बिगिन’ला गाभ्याचा पहिला भाग तरी घडलेला लागतो. शिंक येणार म्हणून नाक वर झाले, चेहरा आकसला आणि शिंक विरून गेली, तर इंग्रजीत ‘स्टार्टेड टू स्नीझ’ म्हणता येते. ‘बिगॅन टू स्नीझ’ म्हटले की निदान एक शिंक तरी यायला हवी. दचकण्या-उसळण्यातून आलेल्या ‘स्टार्ट’ला पहिला झटका पुरतो, असे म्हणायला इथे वाव आहे.

सुरू करणारा कोण?

१९७० साली अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड पर्लमटर यांनी ‘द टू व्हर्ब्ज बिगिन’ या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. ‘बिगिन’ एक नसून दोन आहेत, हा त्यांचा दावा. ‘सीता बिगॅन टू वर्क’ या वाक्यात सीता स्वतः कामाला हात घालते. ‘इट बिगॅन टू रेन’ या वाक्यात ‘इट’ म्हणजे कोणीच नाही. पाऊस कोणी सुरू केलेला नाही, तो सुरू झाला आहे. वरवर दोन्ही वाक्यांचा साचा एक, पण पहिल्यात कर्ता आहे आणि दुसऱ्यात कर्त्याची जागा नुसती भरून काढलेली आहे.

इंग्रजीत ‘बिगिन’ दोन्हीकडे एकच दिसते, म्हणून हा भेद उकलायला निबंध लिहावा लागला. मराठीत तो बोलताबोलताच पाळला जातो. ‘सीता काम करू लागली’ चालते आणि ‘पाऊस पडू लागला’ही चालते. ‘सीतेने काम करायला घेतले’ चालते, पण ‘पावसाने पडायला घेतले’ असे लहान मूलही म्हणणार नाही. ‘लागणे’ कोणालाही लागते. ‘घेणे’ला घेणारा हात हवा. ‘ती लिहायला बसली’, ‘तो पळत सुटला’, ‘तिला रडू कोसळले’ या प्रत्येकात सुरुवात आहे, पण कर्त्याचा सहभाग निराळा: पहिलीत पूर्ण, दुसरीत बेभान, तिसरीत काहीच नाही.

इंग्रजीत हे काम अव्ययांनी वाटून घेतले आहे. मराठीतल्या ‘करायला घेणे’ला सर्वांत जवळचे ‘सेट अबाउट’, आणि त्याच्यापुढे ‘-इंग’ येते: ‘शी सेट अबाउट क्लीनिंग द हाउस.’ पावसाला ते लागत नाही, मराठीतल्यासारखेच. ‘सेट’च्या पुढे ‘अबाउट’ऐवजी ‘आउट’ आले की साचा बदलतो, कारण तिथे ‘टू’ हवे: ‘ही सेट आउट टू राइट अ हिस्टरी ऑफ पुणे.’ त्याचा अर्थ लिहायचे मनात धरून निघाला. लिहून झाले की नाही, हे वाक्य सांगत नाही. ‘सेट ऑफ’ प्रवासाला, आणि ‘सेट टू’ कंबर कसून कामाला. याच ‘सेट’ची नोंद ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तीत सर्वांत लांब होती. त्या लांबीत या अव्ययांच्या जोड्यांचा वाटा मोठा होता.

क्रिया अजिबात न सांगताही सुरुवात सांगता येते. ‘शी बिगॅन अ नॉव्हेल’ म्हटले तर कादंबरी वाचायला घेतली की लिहायला? वाचक असेल तर पहिले, लेखिका असेल तर दुसरे. जेम्स पुस्टेयोव्हस्की यांनी १९९५ साली ‘द जनरेटिव्ह लेक्सिकॉन’ या पुस्तकात अशा वाक्यांचा छडा लावला. ‘बिगिन’ला खरे म्हणजे घटना हवी असते, त्याच्या हाती वस्तू दिली की ऐकणारा त्या वस्तूतून घटना स्वतः काढतो. पुस्तक म्हटले की वाचणे-लिहिणे, सँडविच म्हटले की खाणे किंवा करणे. ‘शी बिगॅन द डोअर’ ऐकले की माणूस अडखळतो, कारण दाराचे सहसा काही ‘करत’ नाहीत. वाक्यातली ‘शी’ सुतारकाम करणारी असेल, तर मात्र तेच वाक्य चोख होते. मराठीतही ‘कादंबरी सुरू केली’ असेच मोघम आहे आणि आपणही तो मोघमपणा संदर्भावर सोडून देतो.

एक ‘टू’ दुसऱ्यासारखा नसतो

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाचा पाय जिथे घसरतो, ती जागा आता येते. ‘टू’च्या मागून क्रियापदाचे मूळ रूप येते, असे शाळेत शिकवतात: टू गो, टू ईट, टू स्लीप. मग ‘शी गॉट डाउन टू वर्क’ वाचल्यावर विद्यार्थी ‘शी गॉट डाउन टू राइट’ असे लिहितो आणि शिक्षक त्याला ‘टू रायटिंग’ करतात. का? कारण हा ‘टू’ वेगळा आहे. तो क्रियापदाचा भाग नसून शब्दयोगी अव्यय आहे, आणि अव्ययापुढे नाम किंवा ‘-इंग’चे नामरूपच येते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘टू’पुढे नुसते नाम बसवून बघायचे. ‘गॉट डाउन टू बिझनेस’ बसते, म्हणून ‘गॉट डाउन टू रायटिंग’. ‘टुक टू ड्रिंक’ बसते, म्हणून ‘टुक टू ड्रिंकिंग’. याला मराठीत ‘नादी लागणे’ म्हणता येईल; त्यात एकदा केलेले कृत्य नसून सवय जडणे आहे. उलट ‘केम टू’पुढे क्रियापदच येते: ‘ही केम टू बिलीव्ह दॅट…’ म्हणजे हळूहळू त्याची तशी खात्री होत गेली. ‘गॉट टू नो’ही तसेच. ‘फेल टू’ दोन्ही घरचा: ‘फेल टू वर्क’ म्हणजे कामाला भिडला आणि ‘फेल टू थिंकिंग’ म्हणजे विचारात पडला. आणि ‘टेक अप’ला ‘टू’ लागतच नाही, तिथे नाम किंवा ‘-इंग’ थेट येते: ‘शी टुक अप पेंटिंग.’

क्रियापदानंतर कोणता साचा येतो, हे कोशातच नोंदवून टाकायची कल्पना इंग्लंडमध्ये नव्हे, जपानमध्ये आकाराला आली. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानमध्ये इंग्रजी शिकवायला गेले. हॅरल्ड पामर त्यांच्या आधी, १९२२ सालीच, टोकियोला पोहोचले होते आणि इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनात गढलेले होते. हॉर्नबी त्यांच्या कामात ओढले गेले. जपानी विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कोशात सापडे, पण तो वाक्यात कसा बसवायचा हे सापडत नसे. इंग्रज मुलाला जे कधी कोणी शिकवलेले नसते, नेमके तेच परक्याला लिहून द्यावे लागते. हॉर्नबींनी क्रियापदांचे २५ साचे पाडले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्यांचे क्रमांक टाकले. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, १९४२ साली, तो कोश टोकियोतल्या काइताकुशा या प्रकाशनाने काढला. तोपर्यंत जपान आणि ब्रिटन एकमेकांविरुद्ध लढत होते आणि हॉर्नबींना जपान सोडावे लागले. ऑक्सफर्डने तोच कोश १९४८ साली पुन्हा छापला. आज महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असणारा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश त्याचाच वंशज.

आपल्याकडे त्याआधीच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी. या पद्धतीने शब्दसंग्रह आणि व्याकरण पक्के होई. पण ‘पासून’ला ‘फ्रॉम’ असे एकास एक पाठ झाले, की परीक्षेची सूचना लिहिताना तेच हाताशी येणार, हेही तितकेच खरे.

पहिले पाऊल आणि उद्रेक

‘बिगिन’नंतर ‘बाय’ आले की आणखी एक छटा निघते. ‘शी बिगॅन बाय थँकिंग द टीचर्स’ म्हणजे तिने भाषण करताना आधी शिक्षकांचे आभार मानले. आभार मानणे ही संपूर्ण क्रिया नसून मोठ्या क्रियेतले पहिले पाऊल आहे. ‘शी बिगॅन टू थँक द टीचर्स’ म्हटले तर आभारच सुरू झाले, पुढे भाषण होते की नाही ते माहीत नाही. नाम असेल तर ‘बाय’ऐवजी ‘विथ’: ‘बिगॅन विथ अ प्रेयर’. पान किंवा जागा सांगायची तर ‘ॲट’: ‘बिगिन ॲट पेज टेन’. मराठीत ‘पान दहापासून सुरू करा’, आणि इथेही ‘पासून’ला ‘फ्रॉम’ करायचा मोह होतोच.

मोठ्या, लांबच्या कामाला ‘एम्बार्क ऑन’. त्यातला ‘बार्क’ म्हणजे जहाज, आणि ‘एम्बार्क’ म्हणजे जहाजावर चढणे. नोकरी, मोहीम, सुधारणा यांना ते शोभते, भांडी घासायला नाही. त्याला ‘टू’ चालत नाही; ‘ऑन’पुढे नाम किंवा ‘-इंग’. ‘इनिशिएट’ आणि ‘लॉन्च’ आणखी आखडू: त्यांना कर्म म्हणून सरळ नामच लागते. चौकशी ‘इनिशिएट’ होते, योजना ‘लॉन्च’ होते, पण ‘इनिशिएट टू इन्क्वायर’ असे काही होत नाही.

भावनांचा बांध फुटतो तिथे दोन जोड्या आहेत आणि त्यांची कामे काटेकोर वाटलेली आहेत. ‘बर्स्ट इंटू’पुढे नाम: ‘बर्स्ट इंटू टिअर्स’, ‘बर्स्ट इंटू लाफ्टर’. ‘बर्स्ट आउट’पुढे ‘-इंग’: ‘बर्स्ट आउट क्राइंग’, ‘बर्स्ट आउट लाफिंग’. अदलाबदल केली की वाक्य बिघडते. चालता चालता पळू लागणे म्हणजे ‘ब्रेक इंटू अ रन’, आणि बोलता बोलता गाऊ लागणे म्हणजे ‘ब्रेक इंटू साँग’. ‘ब्रेक आउट’ मात्र आग, साथ आणि युद्ध यांचे. दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये ‘ब्रोक आउट’. शांतता ‘ब्रेक आउट’ झाली असे एखादा मथळा म्हणतो, तेव्हा तो थट्टा करत असतो.

‘सेट इन’ची सोबत

या थट्टेमागचे गणित संगणकाने उघड केले. बर्मिंगहॅम विद्यापीठातले जॉन सिंक्लेअर यांनी १९८० साली कॉलिन्स या प्रकाशनाबरोबर ‘कोबिल्ड’ प्रकल्प सुरू केला. पुस्तके, मासिके, बोलणी यांतला लाखो शब्दांचा इंग्रजी मजकूर संगणकात भरायचा आणि त्यावरून कोश रचायचा, अशी योजना होती. १९८७ साली कोश निघाला. त्या कामात सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’ ही सुरुवात सांगणारी साधीशी जोडी तपासली. संगणकाने प्रत्येक उदाहरण ओळीने मांडले आणि कर्त्याच्या जागी काय काय आले ते समोर आले: सडणे, निराशा, संसर्ग, बधिरपणा, कटुता, मंदी, भ्रमनिरास. जवळजवळ सगळेच नकोसे. कोणत्याही कोशात ‘सेट इन’चा अर्थ वाईट असा दिलेला नव्हता, इंग्रजांनाही ते जाणवलेले नव्हते, पण वापरात ते मुरलेले होते. शब्दाला त्याच्या नेहमीच्या सोबत्यांमुळे चढणाऱ्या या रंगाला पुढे ‘सिमँटिक प्रॉसडी’ असे नाव मिळाले. बिल लाऊ यांच्या १९९३ सालच्या लेखाने ते रूढ केले. मराठीत त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ‘उतरती कळा लागणे’. पण आपल्या ‘लागणे’ला कीड आणि ग्रहण लागते तशी ओढही लागते, गोडीही लागते.

‘सेट इन’च्या नकोशा सोबतीला एक ठळक भारतीय अपवाद आहे. भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी निवेदनात नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळावर ‘हॅज सेट इन’ होतो, आणि ती देशभराला हवीहवीशी बातमी असते. केरळातल्या आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून धरतात. खात्याने या ‘सेट इन’ला मोजमाप लावलेले आहे. १० मे नंतर, ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, आणि वाऱ्याचे व ढगांचे निकषही पुरे झाले, तरच आगमन जाहीर होते. केरळ ओलांडून पाऊस गोव्यात आणि कोकणात येतो, तेव्हा निवेदनातले क्रियापद आणि अव्यय दोन्ही बदलतात. तिथे तो ‘ॲडव्हान्स्ड इंटू’ झालेला असतो.